लाखोळीची डाळ आणि रसायनशास्त्राची चाळणी

महाशिवरात्रीच्या यात्रेला चामोर्शीकडून मार्कंड्याच्या वाटेला लागले, की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसू लागतात. धान केव्हाच कापून खळ्यावर गेलेले असते, तरी बांधी मोकळी नसते. कापलेल्या धानाच्या बुडख्यांतून गवतासारख्या पानांची एक नाजूक वेल जमिनीलगत पसरलेली असते. तिची निळी फुले बहुतेक गळून गेलेली असतात आणि आखूड, चपट्या शेंगा भरत आलेल्या असतात. यात्रेकरूंचे लक्ष अर्थातच पुढे असते. वैनगंगा येथे उत्तरवाहिनी झालेली आहे, तिच्या काठी मार्कंडेश्वराची कोरीव देवळे उभी आहेत. ती सोडून बांधीतली वेल कोण पाहत बसणार? पण आम्हांला आज बोलावयाचे आहे ते त्या वेलीविषयीच. तिचे नाव लाखोळी. कोणी तिला लाख म्हणतात, कोणी लाखोरी. उत्तरेकडे तीच खेसारी किंवा तिवडा या नावाने ओळखली जाते.

गरिबाला सोयीचे असे दुसरे पीक शोधून सापडावयाचे नाही. धान उभे असतानाच, कापणीपूर्वी थोडे दिवस, ओल्या चिखलात बी फेकून द्यावे, एवढीच तिची मशागत. नांगर नको, खत नको, पाणी नको. धानाच्या मागे राहिलेल्या ओलीवर ती वाढते. कोवळे शेंडे खुडून भाजी होते, दाण्याची डाळ होते, भुसा गुरांना जातो, आणि मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते ते वेगळेच. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण शेकडा पंचवीसच्या वर असते. असे हे गुणी धान्य. आणि १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत याच धान्याच्या विक्रीला मनाई करणारे कलम आले. सर्व राज्यांनी ते सारखेच अमलात आणले नाही, पण महाराष्ट्रात ते लागू झाले, आणि झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याच्या घरचे वरण कायद्याच्या दृष्टीने विष ठरले.

हे कलम अविचाराने आले असे मात्र कोणी समजू नये. लाखोळीमुळे माणसे लंगडी होतात, ही गोष्ट खरी आहे. १८२९ पासून तीन वर्षे सागर भागात गारा, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू बुडाला. तिवडा तेवढा जोमाने वाढला. लोकांनी तोच खाल्ला, आणि पुढे थोड्याच वर्षांत गावोगावची तरणी माणसे कमरेखाली अधू होऊ लागली. त्या भागात अधिकारी असलेल्या स्लीमनने ही हकीकत लिहून ठेवलेली आहे. प्रथम पोटऱ्या ताठतात, मग माणूस चवड्यांवर चालू लागतो, पाय एकमेकांत कात्रीसारखे अडकतात, एक काठी लागते, मग दोन, आणि शेवटी हातांवर सरपटण्याची पाळी येते. बुद्धी शाबूत, हात शाबूत, पाय मात्र गेलेले. आणि गेलेले पाय परत येत नाहीत. १८७३ मध्ये इटलीतील कँटानी याने या रोगाला लॅथिरिझम असे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या हिवाळ्यात, वाप्निआर्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना याच जातीचा दाणा मुख्य अन्न म्हणून देण्यात आला, आणि काही आठवड्यांतच शेकडो धडधाकट माणसे अशीच अधू झाली. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. केसलर यांनी त्याचे कारण ओळखले. आमच्या देशात रीवा-सतना भागात शेतमजुरांना मजुरीच खेसारीच्या रूपाने मिळे. तेथे हा रोग घराघरांत होता.

मग प्रश्न असा, की आमच्या धानपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खाणारे लोक म्हणतात, "आम्हांला काही झाले नाही," ते खोटे बोलतात काय? आणि ते खरे बोलत असतील, तर सागर-रीव्याची माणसे कशाने लंगडी झाली? दोन्ही साक्षीदार खरे असतील, तर निकाल धान्याच्या नावावरून लागणार नाही. त्या धान्यात नेमके काय आहे आणि किती आहे, हे पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. पाहावयाचे म्हटले तरी ते डोळ्यांनी दिसत नाही.

शोध करणारे येथे बरेच दिवस चकले, आणि ती चूक आम्हांला मोठी बोधक वाटते. १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांनी संशय घेतला तो लाखोळीवर नव्हे, तर तिच्यात मिसळून येणाऱ्या अकटा नावाच्या तणाच्या बियांवर. म्हणजे डाळ निर्दोष आणि तिच्यातली भेसळ सदोष. ही समजूत पुष्कळ वर्षे टिकली. १९५४ साली अमेरिकेत लाखोळीच्या चुलत बहिणीतून, बागेतल्या सुगंधी स्वीटपीच्या बियांतून, एक विषारी द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि रहस्य उलगडले असे वाटले. पण त्या द्रव्याने उंदरांची हाडे वाकत. माणसांच्या पायांतील बळ जाते ते हाडांमुळे नव्हे, मज्जेच्या बिघाडामुळे. चोर सापडला होता खरा, पण दुसऱ्या घरातला.

खरा चोर सापडला तो १९६४ साली, आणि तोही आमच्याच देशात. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि शर्मा यांनी, आणि जवळजवळ त्याच वेळी दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रह्मण्यन यांनी, लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे काढले. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. वीस-एक विटांनी आपले शरीर बांधलेले आहे. पण झाडे या विसांखेरीज आणखी कित्येक अमिनो आम्ले तयार करतात, ती कोणत्याही भिंतीत बसत नाहीत, सुटी पडून राहतात. हे त्यांतलेच एक. त्याचे संक्षिप्त नाव ओडाप. कोंबडीच्या कोवळ्या पिलांना ते टोचले तर पिलांना झटके येतात. आपल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामिक आम्ल वापरतात. ओडापचा चेहरामोहरा त्याच्यासारखा असल्यामुळे ते खोट्या किल्लीसारखे त्याच कुलपात शिरते, दार सतत उघडे ठेवते, आणि पायांना हलवणाऱ्या पेशी अति उत्तेजनाने मरून जातात.

अनेक निरुपद्रवी अमिनो आम्लांच्या गर्दीतून हे एकटे कसे वेगळे काढले? येथे वर्णलेखन, म्हणजे क्रोमॅटोग्राफी, या युक्तीची ओळख करून घेतली पाहिजे.

तिचे तत्त्व मार्कंड्याच्या यात्रेत कोणालाही दिसते. समजा, शंभर माणसे एकाच बैलगाड्यांच्या तांड्यातून उतरली आणि एकाच क्षणी दुकानांच्या ओळीत शिरली. सर्वांना पोहोचावयाचे आहे नदीवर. पण कोणी बांगड्यांच्या दुकानाशी रेंगाळतो, कोणी प्रत्येक मिठाईवाल्यापुढे थांबतो, कोणी इकडेतिकडे न पाहता सरळ चालत राहतो. नदीवर ती एकाच वेळी पोहोचणार नाहीत. सरळ चालणारे आधी, रेंगाळणारे मागून, आणि एकाच स्वभावाची माणसे साधारण एकाच सुमारास. आम्ही घाटावर घड्याळ घेऊन बसलो, तर केवळ येण्याच्या वेळेवरून कोणाचा स्वभाव कसा हे सांगू शकू. वर्णलेखनात दुकाने म्हणजे नळीत भरलेली भुकटी, पुढे लोटणारी गर्दी म्हणजे वाहता द्रव, आणि यात्रेकरू म्हणजे त्या द्रवात विरघळलेले रेणू.

घरी पाहावयाचे असेल तर टीपकागदाची एक पट्टी घ्यावी, तळाशी काळ्या शाईचा ठिपका द्यावा, आणि पट्टीचे टोक ठिपक्याच्या खालपर्यंतच पाण्यात बुडवावे. पाणी वर चढते तसा काळा ठिपका फाटत जातो, आणि त्यातून निळा, तांबडा, कधी पिवळा असे पट्टे निघतात. काळी म्हणून विकत घेतलेली शाई अनेक रंगांची मिसळ निघते. त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये वॉर्सा येथे खडूची भुकटी भरलेल्या नळीतून पानांचा रस असाच ओघळवला. हिरवे आणि पिवळे पट्टे वेगळे पडले, म्हणून तिला रंगांचे लेखन हे नाव मिळाले. पुढे ज्यांना रंगच नाही त्या द्रव्यांसाठीही तीच युक्ती वापरली गेली, तरी नाव तेच राहिले. लीड्सच्या लोकरसंशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज हे लोकरीतली अमिनो आम्ले वेगळी करण्याच्या खटपटीत होते; १९४१ मध्ये त्यांनी नळीची आणि १९४४ मध्ये मार्टिनने सहकाऱ्यांसह साध्या गाळणकागदाची पद्धत बसवली. अमिनो आम्ले रंगहीन असतात, म्हणून कागदावर निनहायड्रिन फवारून तो तापवावयाचा. जेथे अमिनो आम्ल तेथे जांभळा ठसा उमटतो. १९५२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, आणि त्याच वर्षी बंगलोरला गिरी आणि नागेश्वर राव यांनी गोल कागदावरची स्वस्त पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात ठसे वर्तुळाच्या कमानींप्रमाणे पसरतात आणि मोठ्या काचपेट्यांची गरज पडत नाही. दरिद्री प्रयोगशाळांना ही पद्धत वरदानच ठरली. ओडापच्या शोधामागे ही सारी पूर्वतयारी होती.

आजची पद्धत म्हणजे उच्च दाबाचे द्रव-वर्णलेखन. वीतभर लांब पोलादी नळी, तिच्यात तीन ते पाच सहस्रांश मिलिमीटर व्यासाचे वाळूसारखे मणी ठासून भरलेले, आणि प्रत्येक मण्यावर तेलकट रेणूंची लव. एवढ्या दाट भरणातून द्रव आपण होऊन वाहणार नाही. त्याला हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाबाने पंप ढकलतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला प्रकाशाचा पहारेकरी बसलेला असतो. काही बाहेर पडले की तो कागदावर एक शिखर काढतो. शिखर किती मिनिटांनी आले यावरून द्रव्य कोणते ते कळते, आणि शिखराखालचे क्षेत्र किती यावरून ते किती आहे ते कळते. पण अमिनो आम्ले या पहारेकऱ्याला नीट दिसत नाहीत. म्हणून नळीत सोडण्यापूर्वी प्रत्येक रेणूला चमकणारी एक शेपटी जोडतात. यात्रेला निघालेल्या मुलांच्या अंगात लाल अंगरखा घालावा, तसेच हे. १९५८ साली मूर आणि स्टाइन यांनी स्पॅकमनसह अमिनो आम्लांचे स्वयंचलित यंत्र उभे केले, तेव्हा पूर्वीचे आठवड्यांचे काम एका दिवसात होऊ लागले याचेच लोकांना नवल वाटले होते. आता तेच काम चहाचा कप थंड होईपर्यंत आटोपते.

लाखोळीच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, आणि खरी गंमत पुढेच आहे. ओडाप एकटे नाही. ते जुळे आहे. या रेणूला अमिनो गटाचे दोन हात असतात. ऑक्झॅलिक आम्लाचा तुकडा एका हाताला लटकला तर तो बीटा ओडाप, दुसऱ्या हाताला लटकला तर अल्फा. तेच अणू, तितकेच अणू. दोघांचाही रेणुभार १७६. पण विषारी आहे तो बीटा. अल्फा जवळजवळ निरुपद्रवी. कोरड्या दाण्यात जवळपास सगळा बीटाच असतो. डाळ शिजवली, की तापाने बीटाचा काही भाग हात बदलून अल्फा होतो.

आता परीक्षेचा पेच लक्षात येईल. १९७८ मध्ये राव यांनी एक सोपी आणि स्वस्त चाचणी बसवली. पिठाचा अर्क अल्कलीत उकळून ओडापचा ऑक्झॅलिक तुकडा तोडावयाचा आणि उरलेल्या भागाला एका द्रव्याने पिवळा रंग आणावयाचा. रंग जितका गडद, तितके ओडाप अधिक. शेकडो वाणांची निवड या चाचणीमुळेच शक्य झाली, आणि तिचे हे ऋण मोठे आहे. पण तुकडा तोडला की जुळ्या भावांतला फरकच नाहीसा होतो. दोघे सारखेच पिवळे दिसतात. रेणूंचे वजन करणारे यंत्र लावले तरी वजन तेच. वेगळे करावयाचे असेल तर त्यांना नळीतून पळवलेच पाहिजे. तुकडा कोणत्या हाताला आहे यावर मण्यांच्या लवेशी त्यांचे रेंगाळणे किंचित बदलते, आणि एका शिखराच्या जागी दोन शिखरे उभी राहतात. द्रवाची आम्लता जराशी चुकली तर ती पुन्हा एकात एक मिसळतात; म्हणून शुद्ध बीटा आणि शुद्ध अल्फा यांचे नमुने आधी पळवून त्यांच्या वेळा पक्क्या कराव्या लागतात, आणि मग तपासावयाच्या अर्कात माहीत असलेले मोजून बीटा घालून, तेवढेच जास्त मिळते का, हे पडताळावे लागते.

सर्वांत फसवी चूक नळीत होत नाही, तिच्या आधी होते. घाईने अर्क गरम करून काढला तर परीक्षकाच्याच भांड्यात बीटाचा अल्फा होऊ लागतो, आणि विषारी डाळ कागदावर सौम्य दिसते. पीठ थंड मद्यार्कमिश्रित पाण्यात हलवून काढलेला अर्कच विश्वासाचा. डॉक्टरच्या थर्मामीटरनेच ताप उतरावा, असला हा प्रकार.

घरच्या माणसाला यंत्राशिवाय काही करता येते काय, असे कोणी विचारील. अख्खी डाळ असेल तर डोळे पुरतात. हरभऱ्याची डाळ गोलसर असते. लाखोळीचा दाणा चौकोनी, एका बाजूने उतरता, जणू कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. पण बेसन झाले की आकार गेला. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बेसन मंद गरम केले तर लाखोळी असताना गुलाबी रंग येतो, अशी एक चाचणी प्रचलित आहे. मात्र बेसन अधिक पिवळे दिसावे म्हणून कोणी मेटॅनिल यलो हा मनाई असलेला रंग घातला असेल, तर आम्लाने तोही गुलाबी होतो. दुकानदार गुन्हेगार खरा, पण कोणत्या गुन्ह्याचा हे त्या गुलाबी रंगावरून कळत नाही. नळीतून ते कळते: रंगाचे शिखर वेगळे, ओडापचे वेगळे, आणि शुद्ध हरभऱ्यात ओडापच्या जागी सपाट रेघ.

आता त्या दोन साक्षीदारांकडे परत येऊ. जुन्या गावरान वाणांत ओडाप शेकडा अर्ध्याच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक सापडते. दुष्काळातला मजूर दिवसाला चारशे ग्रॅम लाखोळीच खात असेल, तर त्याच्या पोटात दररोज दोन ग्रॅम ओडाप जाते, आणि तेही महिनोन्‌महिने. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखोळीचा असणे आणि असे दोन-तीन महिने चालणे, ही रोगाची ओळखीची पूर्वपीठिका आहे. झाडीपट्टीत पोटाला आधार भाताचा, लाखोळी वरणापुरती. तीस ग्रॅम डाळ आणि तीही शेकडा दहावा हिस्सा ओडापच्या वाणाची असेल, तर हिशेब तीस मिलिग्रॅमचा होतो: मजुराच्या वाट्याच्या साठ-सत्तर पट कमी. शिवाय भातातली गंधकयुक्त अमिनो आम्ले मज्जापेशींचे काही अंशी रक्षण करतात, असा शोधकांचा कयास आहे. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देण्याचा जुना रिवाज तर सरळ रसायनशास्त्राला धरून आहे. ओडाप पाण्यात चांगले विरघळते, आणि त्याचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो.

कायद्याने मात्र प्रमाण विचारले नाही, नाव विचारले. नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. सगळ्याच डाळीला निर्दोष ठरवणे आम्हांला पटत नाही. पण शेतकऱ्याचे अन्न तपासल्यावाचून गुन्हेगार ठरू नये, हे त्यांचे म्हणणे नाकारता येत नाही. दरम्यान दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने रतन आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाने प्रतीक व महातिवडा असे वाण काढले. त्यांत ओडाप शेकडा दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा खाली. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही जुनी मनाई पुढे चालत आली होती. २०१६ च्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने या तीन वाणांपुरती ती उठवावी अशी शिफारस केली.

येथेही नावावर विसंबून चालणार नाही. लाखोळीच्या फुलावर मधमाशा येतात, आणि शेजारच्या बांधीतल्या गावरान वाणाचा पराग बरोबर आणतात. काही पिढ्यांत रतन रतन राहत नाही. वर अवर्षण पडले तर तेच बी अधिक ओडाप तयार करते, म्हणजे ज्या वर्षी लोकांना दुसरे काही खावयास मिळत नाही, नेमके त्या वर्षी डाळ अधिक विषारी. म्हणून पोत्यावर कोणत्या वाणाची चिठ्ठी आहे हे पाहून भागत नाही. त्या हंगामाच्या, त्या बांधीच्या दाण्याचा नमुना तपासावा लागतो. नमुना घेताना पोत्याच्या तोंडाशी मूठ घालू नये. वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे घ्यावे, ते एकत्र मिसळून दळावे, आणि त्यातले चिमूटभर पीठ थंडच ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवावे.